पत्ता बदलला आहे, कृपया नोंद घ्यावी

१ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्या तारखेविषयी आमच्या भागात जे बोलले जाते ते सांगण्याची ही जागा नव्हे. सांगायचे ते एवढेच, की आमच्या गल्लीतल्या पोस्टमनने त्यानंतरही बेलगाम, बेळगाव आणि बेळगावी अशा तिन्ही नावांची पाकिटे निमूटपणे एकाच दारात टाकली, आणि संगणकाला मात्र तेवढे जमेना.

वाचनालयाचा मानद चिटणीस या नात्याने (मानधन शून्य, बोलणी भरपूर) जुन्या नावाच्या ईमेल पत्त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्याकडे वळवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, एका ओळीचं काम आहे. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा." आमच्या सर्व्हरवर ईमेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स नावाचा प्रोग्राम आहे; त्याच्या व्हर्च्युअल नावाच्या फाइलीत मी ती ओळ लिहिली आणि शुद्धलेखन दोनदा तपासले. दोन दिवसांत एकही पत्र वळले नाही.

"पोस्टमॅप केलंत का?" भाच्याने विचारले. नुसते लिहून भागत नाही; त्या फाइलीवरून सर्व्हरला चाळता येईल अशी सूची तयार करावी लागते आणि तिची आज्ञा वेगळी असते. इतिवृत्तात लिहिलेला ठराव पुढच्या सभेत कायम व्हावा लागतो, हे जाणणाऱ्या चिटणिसाला खरे तर हे सुचायला हवे होते.

आज्ञा दिली आणि खरा घोटाळा सुरू झाला. गतवर्षी नवा पत्ता काढला तेव्हा तो कोणीच उघडत नसे, म्हणून तिकडच्या सर्व्हरवर मीच सगळी पत्रे जुन्या पत्त्याकडे वळवून ठेवली होती आणि साफ विसरलो होतो. आता जुना नव्याकडे बोट दाखवी, नवा जुन्याकडे. प्रत्येक फेरीत दोन्ही सर्व्हर पत्राच्या माथ्यावर 'रिसीव्ह्ड' अशी आपापली पोच चिकटवत होते, आणि अशा पोचा ५० च्या वर गेल्या की पोस्टफिक्स पत्र गोल फिरत असल्याचे ओळखून ते पाठवणाऱ्याकडे परत धाडतो.

असे परत गेलेले एक पत्र छापून घेऊन निवृत्त मास्तर वाचनालयात आले. त्यांनी सगळ्या पोचांवर पेन्सिलीने क्रमांक घातले होते.

"काय ओ चिटणीस, ह्या पन्नास पोचा कुणाला पायजेत? मी वर्गणीची एक पावती मागितली होती की!"

सर्व्हरवरची ओळ मी नंतर खोडली. आधी पावती फाडली.