रात्री आयसीयूत किती सिस्टर असतात, ते विचारा

"मॅडम, बाबा पाय मोडला म्हणून आले होते. मग रक्तात हा जंतू आला कुठून?"

पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. त्याआधी अकरा वर्षं आयसीयूत पाळ्या केल्या. हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो, आणि दर वेळी सगळ्यांची बोटं ड्युटीवरच्या सिस्टरकडे वळतात. हात धुतले नसणार, दुसरं काय!

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ मी घड्याळ लावून उभी राहिले आहे. सक्शन म्हणजे नळीने कफ ओढून काढणं, इंजेक्शन, कूस बदलणं, लघवीची पिशवी रिकामी करणं. तासाभरात वीसेक वेळा हात स्वच्छ करायची वेळ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे हँडरब नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. म्हणजे एका पेशंटमागे तासाला जवळपास 10 मिनिटं. एका सिस्टरकडे असे तीन पेशंट दिले की अर्धा तास नुसता हातांचा. उरलेल्या अर्ध्या तासात तिघांची सगळी कामं, नोंदी, औषधांचा हिशेब. हे कुणालाच जमणार नाही.

हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेचा निकष व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला दर पाळीत एक सिस्टर आणि बाकीच्या दोघांत एक असा आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तर 1999 साली यासाठी कायदा झाला आणि 2004 पासून तो लागू आहे. आपल्याकडे दिवसा, तपासणीच्या आठवड्यात, आकडा बसवतात. रात्रीचं कोण बघतं?

मी एकदा नाईटला हात स्वच्छ करतात का, याच्या ऑडिटला गेले होते. पहाटेचे साडेतीन. चार नंबरच्या बेडवर सक्शन चालू असताना सहा नंबरच्या आजोबांनी गुंगीत गळ्याची लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, ओढली. सिस्टर त्याच ग्लोव्ह्जने धावली. तिने लाईन वाचवली, मी तिच्या नावापुढे फुली मारली. नंतर ती म्हणाली, "मॅडम, फुली बरोबर आहे. पण मी काय करायला हवं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवसांनी आजोबांच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातल्या जंतूंच्या तपासणीत, क्लेबसिएला हा जंतू आला. चार नंबरच्या कफात तोच होता. त्याच हातांनी गेला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मला त्यानंतर बरेच दिवस झोप लागली नाही.

डॉक्टरांचंही तेच. कन्सल्टंट सकाळी कोथरूडला, दुपारी हडपसरला, रात्री कुठे तिसरीकडे. लाईन किंवा कॅथेटर काढायचं कुणी ठरवायचं? पूर्णवेळ इन्टेन्सिव्हिस्ट, म्हणजे आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर, असला की तो रोज राऊंडला विचारतो, ही नळी अजून हवी आहे का? नाहीतर ती राहते, दिवसामागून दिवस, आणि एकेका दिवसागणिक धोका वाढत जातो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या शंभराहून जास्त आयसीयूंनी लाईनचं इन्फेक्शन कमी करून दाखवलं. 2006 साली ते निष्कर्ष छापून आले. लाईन टाकताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी होती, आणि डॉक्टर एखादी चुकले तर त्यांना थांबवायचा अधिकार सिस्टरला होता. लाईनच्या इन्फेक्शनचं मध्यक प्रमाण हजार लाईन-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन, तो एक लाईन-दिवस) 2.7 होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. ती यादी आपल्याही भिंतींवर लागली आहे. पण लाईन टाकताना शेजारी उभं राहून बघायला मोकळी सिस्टर लागते, आणि मोठ्या डॉक्टरांना "सर, थांबा" म्हणायची हिंमत लागते. बीड-लातूरहून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, पंधरा दिवसांत व्हेंटिलेटरवर उभी केलेली बावीस वर्षांची पोर ते कशाच्या जोरावर म्हणेल? जरा तयार होते, तोवर सरकारी भरतीत नाहीतर आखातात निघून जाते. इथे पगारच तेवढा असतो.

नातेवाईकांनो, पेशंटला भरती करताना विचारा: रात्री पेशंट किती, सिस्टर किती? रागावून नको, पण विचाराच. तुम्ही विचारलंत की वरच्यांना उत्तर तयार ठेवावं लागतं.

रात्रीच्या पाळीला दोन सिस्टर वाढवून द्या, असं मी लेखी दिलं आहे. अजून उत्तर नाही. तोपर्यंत ऑडिटच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मी पेनाने लिहायला लागले आहे, त्या पाळीला पेशंट किती होते आणि सिस्टर किती. फॉर्ममध्ये तो रकाना नाही. तरी लिहिते.