उषाची कारकीर्द एका शतांशात मावत नाही

‘शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकली असती तर पी. टी. उषाची कारकीर्द सार्थकी लागली असती’, हे लेखातलं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. १९८४ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर हर्डल्सचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) ब्राँझ हुकलं, हे खरंच. तिसरी आली ती ५५.४१ सेकंदांत आणि उषा ५५.४२, म्हणजे फक्त एका शतांश सेकंदाचा फरक. पण पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिनं पाच सुवर्णपदकं आणि एक ब्राँझ मिळवलं, १९८६च्या सोल एशियाडमध्ये चार सुवर्ण आणि एक रौप्य. याचा उल्लेखसुद्धा नाही!

मी साताऱ्यात शाळेत असताना हीच शर्यत पळायचे. दहा अडथळे, दोघांमध्ये ३५ मीटर, आणि पावलांचा हिशोब एकदा चुकला की संपलं. आमच्याकडे सरावाला सुताराकडून करून घेतलेले तीन लाकडी अडथळे होते, बाकीच्या ठिकाणी फक्कीच्या रेघा. सातव्यानंतर पाय उचलायचाच नाही. म्हणून सांगते, पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलेल्या त्या शर्यतीत जगात चौथं येणं काय असतं, ते पळणाऱ्याला विचारा. आपल्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या लांब शर्यतीच्या) फायनलला पोचल्या. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक फायनलमध्ये उषानंतर दुसरी भारतीय बाई दिसायला तोवर ३२ वर्षं गेली होती.