जेल नखांची खाज ‘सवयीने’ जात नाही

जेल नखांविषयीचा, म्हणजे नखांवर जेलचे थर लावून ते अतिनील किरणांच्या दिव्याखाली कडक करण्याविषयीचा, एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो वाचून माझ्या भाचीने घरीच किट मागवले आणि बोटांना खाज सुटूनही ती थर चढवत राहिली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: नखांच्या कडेला सुटणारी खाज दोन-तीन वेळा जेल लावल्यावर सवयीने जाते, दिव्याखाली चटका बसणे ही जेल घट्ट धरत असल्याची खूण आहे, जेलखाली नखांचा श्वास कोंडतो, आणि पार्लरच्या दिव्याने कर्करोग होतो, म्हणून घरचा छोटा दिवा बरा.

यांपैकी खाजेचा दावा सर्वांत घातक आहे. जेलमधील हेमासारखी अ‍ॅक्रिलेट वर्गातील रसायने कच्च्या अवस्थेत, म्हणजे दिव्याखाली पूर्ण कडक होण्यापूर्वी, त्वचेला वारंवार लागली, तर त्यांची अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा आयुष्यभर सुटत नाही. याच वर्गातील रसायने दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधेरोपणाच्या सिमेंटमध्येही असतात, त्यामुळे प्रश्न केवळ नखांपुरता उरत नाही. युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून हेमायुक्त नख-उत्पादने फक्त व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित केली आणि त्यांवर अ‍ॅलर्जीचा इशारा छापणे बंधनकारक केले, ते उगाच नव्हे. जाणकार कारागीर जेल लावताना कातडीपासून केसभर अंतर राखते, कडेला ओघळलेले जेल हात दिव्याखाली जाण्यापूर्वीच काडीने टिपते, आणि नख लांबवताना कागदी फॉर्म (जेलला आकार देणारा साचा) नखाच्या टोकाखाली फट न ठेवता बसवते. घरच्या किटमधला दिवा त्या जेलसाठी योग्य नसेल, तर वरून कडक झालेला थर आतून कच्चाच राहतो. खाज सुटली की जेल लावणे तत्काळ थांबवावे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून केलेली अ‍ॅलर्जीची चाचणी) करून घ्यावी.

चटक्याचे कारण साधे आहे. जेल पक्के होताना उष्णता बाहेर पडते आणि थर जाड असला तर ती नखाखालच्या त्वचेला भाजते. अशा वेळी हात लगेच बाहेर काढावा आणि पुढचे थर पातळ द्यावेत. श्वासाची गोष्ट तर निव्वळ कल्पना आहे, कारण नखाचा दिसणारा भाग निर्जीव केराटिनचा असतो आणि त्याच्या मुळाला पोषण रक्तातून मिळते.

दिव्याविषयी मात्र थोडे तथ्य मान्य करावे लागते. ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञानपत्रिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा दिव्यांच्या अतिनील किरणांनी प्रयोगशाळेतील पेशींच्या डीएनएला इजा झाल्याचे आढळले. तेवढ्यावरून कर्करोग होतोच असे सिद्ध होत नाही. शिवाय घरचा छोटा दिवाही तेच किरण टाकतो, त्यामुळे दिवा बदलण्यापेक्षा हातांना आधी सनस्क्रीन लावणे किंवा बोटांची टोके उघडी ठेवणारे हातमोजे घालणे अधिक उपयोगाचे आहे.