परदेशातून: गिनीचा 25.5 आणि आपली हमरीतुमरी

जुलै 2025 मध्ये भारत सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलं की सर्वाधिक समानता असलेल्या देशांत भारत जगात चौथा आहे. आधार जागतिक बँकेच्या आकड्यांचा: भारताचा गिनी निर्देशांक 25.5, चीनचा 35.7, अमेरिकेचा 41.8. गिनी 0 असेल तर सगळ्यांचा वाटा सारखा, 100 असेल तर सगळं एकाच्याच हाती. ब्रिटनमधल्या आपल्या मंडळींना तर आयतं कोलीतच मिळालं: राहतो त्या देशापेक्षा मायदेश अधिक समान! त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तर ठरलेलं असतं, जागतिक भूक निर्देशांक, 2024, क्रमांक 105. आकडे दोघांचेही खरे आहेत, आणि दोघांनीही ते ज्या कामासाठी वापरले त्यासाठी ते नाहीत.

25.5 हा खर्चाचा गिनी आहे, उत्पन्नाचा नाही. भारतातली 2022-23 ची घरगुती उपभोग खर्च पाहणी कुटुंबाने काय खाल्लं आणि काय वापरलं ते विचारते; कमाई विचारत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेचे आकडे उत्पन्नावरून काढलेले असतात. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग शिल्लक टाकतो आणि ती शिल्लक खर्चाच्या पाहणीत दिसतच नाही, म्हणून खर्चाचा गिनी जवळजवळ नेहमीच कमी भरतो. शिवाय बडी घरं पाहणीवाल्याला दार उघडत नाहीत. याच पाहणीत शहरांतल्या सर्वांत वरच्या 5 टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च सरासरी 20,824 रुपये निघाला. भारतातल्या वरच्या वर्गाचं राहणीमान ज्याने पाहिलंय, त्याला या आकड्यातच पाहणीची मर्यादा दिसेल. बँकेच्या ज्या टिपणावरून बातमी झाली, त्याच टिपणात जागतिक विषमता डेटाबेसच्या हवाल्याने उत्पन्नाचा गिनी 2004 मधल्या 52 वरून 2023 मध्ये 62 वर गेल्याचं लिहिलं आहे. ते वाक्य बातमीत आलं नाही.

हे तपासायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. बँकेचा गरिबी आणि विषमतेचा डेटा मंच सर्वांना मोफत खुला आहे. देश निवडला की आधी तीन गोष्टी पाहाव्यात: माप खर्चाचं की उत्पन्नाचं, आकडा प्रत्यक्ष पाहणीचा की मधल्या वर्षांसाठी अंदाजाने भरलेला, आणि क्रयशक्ती समतेचं, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक जुळवणाऱ्या हिशेबाचं, वर्ष कोणतं. तिसऱ्या गोष्टीत सर्वाधिक लोक फसतात. अतिदारिद्र्याची रेषा 2022 पर्यंत दिवसाला 1.90 डॉलर होती, मग 2.15 झाली, जून 2025 पासून 3 डॉलर. 2022-23 साठी 2.15 च्या रेषेखाली भारतात 2.3 टक्के लोक होते, 3 डॉलरच्या रेषेखाली 5.3 टक्के. एकाच्या हाती पहिला आकडा, दुसऱ्याच्या हाती दुसरा, की भांडण पक्कं. त्यात हे डॉलर बाजारभावाने गुणायचे नसतात. क्रयशक्तीच्या हिशेबात भारतासाठी एक डॉलर म्हणजे विसेक रुपये, म्हणजे 3 डॉलर साधारण साठ रुपये, तेही 2021 च्या किमतींना.

जुन्या पाहण्यांशी तुलना करताना प्रश्न विचारण्याची पद्धतही पाहावी लागते. सगळ्याच वस्तूंसाठी मागचे 30 दिवस आठवायला लावले, तर भाजी, फळं, अंडी यांचा खर्च कमी सांगितला जातो. या वस्तूंना 7 दिवस आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तूंना 365 दिवस ठेवले की एकूण खर्च वाढतो आणि गरिबी कागदावर घटते. 2011-12 नंतर पद्धत आणि प्रश्नावली दोन्ही बदलली, आणि मधली 2017-18 ची पाहणी सरकारने 2019 मध्ये दडपली. गरिबी घटली याबद्दल मला शंका नाही. नेमकी किती, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांबद्दल आहे.

भूक निर्देशांकाचंही तेच. त्यात कुपोषित लोकसंख्येला एक तृतीयांश वजन, बालमृत्यूला एक तृतीयांश, खुजेपणा (वयाच्या मानाने कमी उंची) आणि कृशतेला (उंचीच्या मानाने कमी वजन) प्रत्येकी एक षष्ठांश. म्हणजे दोन तृतीयांश भार पाच वर्षांखालच्या मुलांवर. हा निर्देशांक चार प्रश्नांच्या जनमत चाचणीवर उभा आहे, हा 2021 चा सरकारी आक्षेप चुकीचा होता. पण क्रमांकाची मागच्या वर्षाशी तुलना करू नका, असं अहवालच सांगतो. मला विचाराल तर क्रमांक सोडा आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला खुजेपणाचा आकडा धरा: 2019-21 मध्ये 35.5 टक्के. तोही डोळे मिटून नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून मोजायचं असतं. उभं करून मोजलं तर उंची सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी येते आणि सीमेवरचं मूल खुजं ठरतं.

इथे ब्रिटनमध्ये आकड्यांवरून भांडणं नाहीत असं नाही. घराचा खर्च वजा करण्याआधीची गरिबी की नंतरची, सापेक्ष (त्या वर्षीच्या मधल्या उत्पन्नाच्या तुलनेत) की निरपेक्ष (एका ठरलेल्या रेषेखालची), यावर दरवर्षी जुंपते. पण चारही तक्ते एकाच प्रकाशनात, आधी जाहीर केलेल्या तारखेला येतात. 2020 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांची बालदारिद्र्याबद्दलची विधानं चुकीची असल्याचं सांख्यिकी नियामकाने जाहीरपणे सांगितलं. भारताने उचलण्याजोगं हे आहे. इथला पाहणीला मिळणारा प्रतिसाद मात्र उचलू नये: महामारीआधी निम्मी घरं उत्तर द्यायची, महामारीनंतर जेमतेम पाव.

भारतातल्या 2022-23 च्या खर्च पाहणीचा घरनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाने खुला केला, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. आरोग्य पाहणीचा डेटा मात्र अभ्यासक वर्षानुवर्षं अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या संकेतस्थळावरून घेत आले, आणि 2025 च्या सुरुवातीला ती मदत थांबताच नव्या अर्जांचं कामही थांबलं. ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांनी फाइलसोबत प्रश्नावली, नमुना निवडीचं टिपण आणि संकेतांकांची पुस्तिकाही उतरवून ठेवावी. नमुन्यातल्या घरांना दिलेलं वजन (एक घर देशातल्या किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा) न लावता काढलेली टक्केवारी देशाची नसते, आणि ते वजन कोणत्या रकान्यात आहे हे त्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं.