पाळणाघरातलं बाळ आणि रोमानियातली अनाथालयं: एका व्हायरल मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर साधारण असा: "बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत आईपासून दूर राहिलं तर त्याच्या मेंदूची वाढ खुंटते, हे शास्त्राने सिद्ध झालंय. रोमानियातली मुलं पाहा, हार्लोची माकडं पाहा. पाळणाघरात बाळ रडतं ते उगाच नाही. आणि जन्मतःच काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाला तर आईची माया कधी लागतच नाही."

मी पाळणाघर चालवते. बाळंतपणाची रजा संपत आलेली एक मुलगी हा मेसेज दाखवत माझ्यासमोर ढसाढसा रडली. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी रोमानिया, कारण सगळ्यात जास्त भीती त्याच नावाने घातली जाते. तिथला हुकूमशहा चाउसेस्कू याच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. ज्यांना पोसणं परवडत नव्हतं अशा घरांतली मुलं सरकारी संस्थांत जाऊ लागली. १९८९ च्या अखेरीस राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत लाखाहून जास्त मुलं होती. ओळीने मांडलेल्या खाटा, एका बाईच्या वाट्याला डझनभर किंवा त्याहून जास्त बाळं, दूध पाजायलाही कुणी उचलून घ्यायचं नाही. बाळ दिवसभर छताकडे बघत पडलेलं. त्या मुलांची वाढ खुंटली, हे खरंच आहे.

पण पुढचं मेसेजमध्ये नाही. रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी अशा संस्थांतली १३६ मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. निम्मी संस्थेतच राहिली, निम्मी प्रशिक्षित पालक-कुटुंबांकडे गेली. साडेचार वर्षांच्या वयात सरासरी बुद्ध्यांक पाहिला तेव्हा संस्थेतल्या मुलांचा ७३, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्यांचा १०९ निघाला. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुलं जास्त सावरली. ही मुलं गेली कुणाकडे? जन्मदात्या आईकडे नव्हे, तर रक्ताचं नातं नसलेल्या, पण रोज तीच राहणाऱ्या एका बाईकडे. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या रोमानियन मुलांवर मायकेल रटर या मानसोपचारतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. सहा महिन्यांच्या आत त्या संस्थांतून बाहेर पडलेली बहुतेक मुलं नीट वाढली, आणि तीही जन्मदात्या आईकडे परत गेली नव्हती. हा पुरावा नोकरी करणाऱ्या आईविरुद्ध कसा काय वापरता येतो? ती तर संध्याकाळी साडेसहाला बाळ घ्यायला दारात उभी असते!

हार्लोच्या माकडांचं थोडक्यात. हॅरी हार्लो हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, माकडांच्या पिल्लांवर प्रयोग करणारे. ती पिल्लं जन्मल्यावर काही तासांतच कायमची आईवेगळी केली होती, काहींना तर महिनोन्महिने पूर्ण एकटं कोंडलं होतं. दिवसाचे काही तास दूर राहून परत भेटण्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय हार्लो आणि त्यांचे सहकारी सुओमी यांनीच नंतर दाखवलं की, सहा महिने एकट्या कोंडलेल्या पिल्लांना वयाने लहान, निरोगी पिल्लांच्या संगतीत ठेवलं तर ती बरीचशी सावरतात.

आता रडण्याबद्दल, कारण हे मी रोज बघते. आठ-नऊ महिन्यांपासून बाळ आईला सोडायला तयार नसतं, आणि वर्ष ते दीड वर्षाच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं. सध्या आमच्याकडे चौदा महिन्यांची एक मुलगी येते. सकाळी आईची ओढणी मुठीत घट्ट धरते, एकेक बोट सोडवावं लागतं. आई गेली की आमच्या मावशी तिला कडेवर घेऊन खिडकीत उभ्या राहतात. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की रडणं थांबतं, आणि थोड्या वेळाने ती मऊ भात खात असते. संध्याकाळी आई दिसली की पुन्हा भोकाड. आईला वाटतं, दिवसभर अशीच रडली. तसं नसतं. मन मोकळं करायचं हक्काचं माणूस आलं, म्हणून ती रडते. मला काळजी वाटते ती कुणाच्याही कडेवर जाऊन बसणाऱ्या, आई आली काय नि गेली काय, ढिम्म राहणाऱ्या बाळाची.

लंडनच्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा फरक कॅमेऱ्यात टिपून ठेवला. सतरा महिन्यांचा एक मुलगा, आईच्या दुसऱ्या बाळंतपणामुळे नऊ दिवस निवासी संस्थेत. तो एकेका परिचारिकेकडे जाऊन बघतो, पण पाळी संपली की ती बदलते. शेवटी तो मोठ्या टेडीला बिलगून पडतो, आणि आई न्यायला येते तेव्हा तिच्याकडे जायलाच तयार होत नाही. याच दांपत्याने अशाच चार मुलांना स्वतःच्या घरी आळीपाळीने ठेवून घेतलं. एकच बाई सांभाळणारी, घरच्या सवयी सांभाळलेल्या, आईच्या आठवणी काढलेल्या. ती मुलंही कावरीबावरी झाली, पण अशी कोसळली नाहीत.

काचेच्या पेटीबद्दल: पहिल्या काही तासांत आई-बाळाचा बंध जुळला नाही तर तो कायमचा हुकतो, असं १९७० च्या दशकात मांडलं गेलं होतं. पुढच्या संशोधनात ते टिकलं नाही. मात्र कमी वजनाचं बाळ आईच्या छातीशी ठेवणं फार मोलाचं आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर आईच्या त्वचेला लागून ठेवलेल्या अशा बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत १२ टक्के दगावली, तर नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. तेव्हा आईला घाबरवू नका. तिला बाळाजवळ थांबू द्या, असं रुग्णालयाला सांगा.

मेसेजमध्ये खरं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत १९९१ पासून १,३६४ मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला. केवळ पाळणाघरात ठेवल्याने आईशी असलेला जिव्हाळा कमी झाला नव्हता. पण घरीही बाळाकडे लक्ष कमी आणि पाळणाघरही सुमार, असं दोन्ही जुळून आलं तिथे धोका वाढला. फार तास राहणाऱ्या मुलांत हट्ट आणि मारामारी किंचित जास्त दिसली. घरच्या वातावरणाचा परिणाम मात्र या सगळ्यापेक्षा मोठा होता.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चारदा बाळाला भेटायची मुभाही आहे. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं काय येतं? फडाच्या कडेला झोळी बांधून ती कोयता चालवते. बाळांची एवढी कळकळ असेल, तर तिच्या मुक्कामाजवळ चांगलं पाळणाघर हवं म्हणून मेसेज फिरवा.

आणि ज्या आयांना येत्या महिन्यात कामावर जायचंय, त्यांनी पाळणाघरात थेट विचारावं: एका मावशीकडे किती बाळं? त्या मावशी इथे किती वर्षं आहेत, की दर दोन महिन्यांनी बदलतात? पहिला आठवडा मला बाळाबरोबर बसू द्याल का? मी मधेच न सांगता आले तर चालेल? या शेवटच्या प्रश्नावर कुणी आढेवेढे घेतले तर तिथे नाव घालू नका.