सदतीस वर्षं कपाटात

गुरुवारी संध्याकाळी आमच्या गायकवृंदाची तालीम असते. नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसुमजवळचं जुनं चर्च, उंच छत, गार फरशी. सध्या आम्ही फ्रँक मार्टिन या स्विस संगीतकाराचा दोन वृंदांसाठी लिहिलेला 'मास', म्हणजे कॅथलिक उपासनेतल्या प्रार्थनांना दिलेलं संगीत, बसवतोय. (जिनिव्हात त्यांचं आडनाव फ्रेंच वळणाने 'मार्तँ' असं म्हणतात.) मी दुसऱ्या वृंदात, आल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत. शेवटच्या 'आन्युस देई' या प्रार्थनेत आमच्या वाट्याला चाल अशी येतच नाही. एका संथ लयीत, पावलं टाकत गेल्यासारखे एकामागून एक स्वरमेळ धरायचे, आणि त्यांच्यावर पहिल्या वृंदाने एकसुरात लांब ओळ गायची. पहिल्या तालमीला मला तानपुऱ्याशी बसल्यासारखं वाटलं. आपण नुसतं धरून ठेवायचं, गाणारे दुसरे. डोळे भरून आले होते, हे शेजारच्या बाईंना कळलं असावं.

घरी आले की फोनवर पुण्याचे निरोप साठलेले असतात. गेले दोन महिने आमच्याकडे एकच वाद चाललाय. माझी भाची वीस वर्षांची, नऊ वर्षं ख्याल शिकतेय. तिच्या बाईंनी बजावलंय की अजून तीन वर्षं बाहेर काही टाकायचं नाही. दादाचं म्हणणं, बरोबरीच्या मुली दर आठवड्याला व्हिडिओ टाकतात, त्यातून त्यांना कार्यक्रम मिळतात. हिने गप्प बसायचं तर हिला विचारणार कोण? वहिनी दोन्हीकडून बोलते. हा वाद फक्त आमच्या घरात नाही. गाणं शिकणारं मूल ज्या ज्या घरात आहे, तिथे तो या ना त्या रूपात चालू आहे.

हातात जे पुस्तक घेऊन मी दर गुरुवारी उभी राहते, त्याची कथा या वादाला येऊन भिडते, म्हणून सांगते.

मार्टिन यांचा जन्म १८९० चा, जिनिव्हातला. कॅल्विनपंथी पाद्रीबाबांचं हे दहावं मूल. लहानपणी बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन', ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांची संगीतातली कथा, ऐकलं आणि ते आयुष्यभर पुरलं. आईवडिलांच्या इच्छेखातर गणित आणि भौतिकशास्त्राला गेले, पण ते शिक्षण अर्धवट सोडलं. संगीत शिकले ते योझेफ लाउबर यांच्याकडे, खासगी शिकवणीने. कुठल्या संगीतशाळेची पायरी विद्यार्थी म्हणून चढलेच नाहीत. १९२२ मध्ये या माणसाने, कुणी मागितलेला नसताना, मास लिहायला घेतला. 'आन्युस देई' १९२६ मध्ये पुरी झाली. मग वही कपाटात गेली. हा देव आणि मी यांच्यातला मामला आहे, लोक याच्याकडे नुसती कलाकृती म्हणून बघतील, असं त्यांना वाटत होतं. १९६३ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रान्झ ब्रुनर्ट यांनी आपल्या वृंदासाठी ती मागितली, तेव्हा ती पहिल्यांदा गायली गेली. सदतीस वर्षं! आज जगभरचे वृंद हीच रचना हौसेने गातात.

हे ऐकून बाई म्हणतील, बघा. पण गोष्ट तेवढीच नाही. वही कपाटात होती, माणूस नव्हता. त्याच काळात ते जिनिव्हात, शरीराच्या हालचालींतून लय शिकवणाऱ्या दालक्रोझ यांच्या संस्थेत शिकवत होते, भारतीय आणि बल्गेरियन लयींवर प्रयोग करत होते. १९२६ मध्येच त्यांनी चेंबर संगीताची, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताची, एक संस्था काढली आणि दहा वर्षं तिच्यात स्वतः पियानो आणि हार्पसिकॉर्ड वाजवला. लोकांसमोर बसणं त्यांनी कधी सोडलं नाही. स्वतःची खरी भाषा सापडली ती पन्नाशीला येता येता, 'ल व्हँ एर्बे' या रचनेत. तोवर घर चालत होतं. आणि समाज मागे उभा होता: महायुद्ध अजून चालू असताना, १९४४ मध्ये, जिनिव्हा रेडिओने त्यांना युद्ध संपेल त्या दिवसासाठी रचना लिहायला सांगितली. 'इन तेरा पाक्स' (पृथ्वीवर शांती) तयार राहिली आणि ७ मे १९४५ ला वाजली.

आपल्याकडे थांबायला सांगणारे खूप, थांबलेल्याला पोसणारे थोडे. सूरबहार वाजवणाऱ्या अन्नपूर्णादेवींनी जाहीर वादन सोडलं आणि मुंबईच्या घरात बसून शिष्य घडवले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते व्रत त्यांनी स्वतः घेतलेलं होतं. वीस वर्षांच्या मुलीवर ते लादता येणार नाही, निदान तिच्या पोटापाण्याचा विचार केल्याशिवाय तर नाहीच.

तरीही व्हिडिओच्या बाबतीत मी बाईंच्या बाजूची आहे. साठ सेकंदांत यमन बसवायचा म्हणजे आलापी आधीच कापलेली. मग पोरगी रियाजालाही त्याच मापाने बसते. सुट्टीत मी स्वतः पाहिलंय: तानपुरा लागायच्या आत तिने फोन उभा केला होता, आणि एक तान तिनदा घेतली ती सुरासाठी नव्हे, चेहऱ्यासाठी.

मार्टिन १९४६ मध्ये स्वित्झर्लंड सोडून इथे नेदरलँड्सला आले, तेही लिहायला निवांतपणा हवा म्हणून. १९५६ पासून शेवटपर्यंत, १९७४ पर्यंत, ते नार्डनला राहिले. आमच्याकडून सायकलने जाता येतं. तारेच्या आकाराचा तटबंदीचा गाव, भोवती पाण्याचा खंदक. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये दर वर्षी ईस्टरच्या आधी तेच 'मॅथ्यू पॅशन' होतं, आणि तीन तास लोक हलत नाहीत.

भाचीला तसे लोक हवेत. वीस असले तरी चालतील, पण दोन तास बसणारे.

म्हणून काल रात्री दादाला सविस्तर लिहिलं. व्हिडिओ नकोत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपल्याच हॉलमध्ये बैठक ठेव, सोफा गॅलरीत सरकव, बाईंना पहिल्या रांगेत बसव. फोन दाराशी टोपलीत. तबला आणि पेटीवाल्यांची बिदागी दोन वर्षं माझ्याकडून. दादाचं उत्तर अजून आलेलं नाही. भाचीचं आलं: "आत्या, पहिल्या बैठकीला भूप गाऊ की पूरिया?"