शेवटची वीतभर कड व्हॉल्व्हपाशीच का?

नमस्कार,

सायकलचा टायर चढवण्यावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि निम्मी बरोबर आहे, म्हणून उत्तरही जरा लांब देतोय. तुमचं म्हणणं असं: कोल्हापूरच्या उद्यमनगरातला पंक्चरवाला दोन स्क्रूड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांत टायर चढवतो, सुरुवात व्हॉल्व्हपासून करतो, पावडर लावत नाही, तरी सायकल वर्षभर चालते, मग ‘शेवट व्हॉल्व्हपाशी करा’, ‘हातानंच चढवा’ हे सोवळं कशाला? शिवाय ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली की चूक टायर बसवणाऱ्याची, हे माझं वाक्य तुम्हाला साफ चुकीचं वाटलं.

ते वाक्य चुकलंच आहे. दोन समांतर चिरा बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे पडतात. चाक खड्ड्याच्या काठावर आपटतं, टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिमच्या दोन्ही कडांवर चिमटते. स्क्रूड्रायव्हरनं चिमटलेली ट्यूबही कधीकधी तशीच दिसते, म्हणून नुसत्या आकारावरून निकाल देऊ नये. हवा कधी गेली ते बघायचं. टायर चढवल्यावर हवा टिकलीच नाही आणि भोक नेमकं शेवटी चढवलेल्या जागी आहे, तर हात बसवणाऱ्याचा. चार दिवस नीट चालून खड्ड्यानंतर गेली, तर पंप मारायचा आळस. मूळ लेखात तसा बदल केलाय.

आता पंक्चरवाल्याकडे. तो दिवसभर ज्या जुन्या धाटणीच्या काळ्या सायकली हाताळतो त्यांचा टायर २८ × १ १/२, म्हणजे ४०-६३५ (४० मिलिमीटर रुंद टायर, ६३५ मिलिमीटरची रिम). हा टायर रिमवर सैल बसतो, त्याला कुठूनही सुरुवात केली तरी चालतं. तिथं तुमचं शंभर टक्के मान्य. पण तीच पद्धत ७००×२८ च्या बारीक, घट्ट टायरला आणि डबल वॉल (दुहेरी भिंतीच्या, आतून पोकळ) रिमला लावली की भांडण सुरू होतं.

कारण रिमच्या आकारात आहे. टायर काढून रिम आतून बघा, मधोमध एक पन्हळ दिसेल. टायरच्या कडेतली तार ताणली जात नाही, त्यामुळे कड चढवायला लागणारी ढील मिळते ती फक्त या पन्हळीतून. समोरच्या बाजूला कड पन्हळीत तीनेक मिलिमीटर खाली बसली की इकडे साधारण तेवढीच सवलत मिळते. व्हॉल्व्हपाशी मात्र ट्यूबचा जाड बुडखा पन्हळ अडवून बसलेला असतो, कड तिथं खाली उतरूच शकत नाही. व्हॉल्व्हपासून सुरुवात केली तर शेवट येतो बरोबर समोर, आणि ज्या जागेकडून ढील हवी तीच जागा बुडख्यानं अडवलेली. मग वीतभर कड राहते, जोर लावायला स्क्रूड्रायव्हर येतो आणि त्याचं टोक आत ट्यूब शोधतं.

म्हणून पहिली कड चढवा, ट्यूबमध्ये गोल आकार धरेल इतकीच हवा घाला, व्हॉल्व्ह भोकात घालून ट्यूब आत सारा. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे आणा. अडलं तर ट्यूबची हवा थोडी सोडा आणि आधी चढवलेली कड परत चिमटत पन्हळीत ढकलत या. उरलेली वीत मग तळव्यानं चढते. शेवटी व्हॉल्व्ह वर टायरमध्ये दाबून सोडायचा, म्हणजे कडेखाली अडकलेला बुडखा सुटतो. व्हॉल्व्हचा रिमवरचा नट तोपर्यंत सैल हवा. हवा भरण्याआधीच तो आवळला तर ट्यूब फुगताना बुडख्यापाशी फाटते, आणि तिथलं भोक पॅच धरत नाही.

हवा एकदम भरू नका. १५-२० पीएसआयवर (पंपाच्या मीटरवरचं हवेच्या दाबाचं माप) थांबून चाक फिरवा. टायरच्या कडेजवळ एक बारीक उठलेली रेघ असते, ती दोन्ही बाजूंनी रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठं बुडाली असेल तर हवा सोडून तिथं साबणाचं पाणी लावा. कुठं फुगून वर आली असेल तर खाली ट्यूब अडकली आहे, आणखी हवा मारली तर धडाका ठरलेला. मग पूर्ण हवा: काळ्या सायकलला ४०-५०, ७००×२८ ला वजनाप्रमाणे ७५-९०, पण टायरवर छापलेल्या आकड्याच्या वर नाही.

टायरवरच्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाबद्दल तुमचं बरोबर, पंक्चरशी त्याचा काही संबंध नाही. पावडरही ऐच्छिक. पण टायरवरचं नाव व्हॉल्व्हपाशी ठेवायचं, हा शौक नाही. ट्यूबला भोक सापडलं की व्हॉल्व्हपासून मोजून टायरमधली तीच जागा गाठता येते. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर तिथं बाभळीचा काटा किंवा उद्यमनगरच्या रस्त्यावरची लेथची चिप अजून रुतलेली असते. बोट नको, कापूस फिरवा, तो अडकतो. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची टेप बघा. डबल वॉल रिममध्ये ट्यूब आऱ्यांच्या भोकांत दाबली जाते. वायरिंगची चिकटपट्टी लावलेली असेल तर पन्हाळ्यावरून ब्रेक धरत उतरताना रिम तापते आणि पट्टी सरकते. तिथं कापडी टेपच हवी.

‘२६ चा टायर २६ ला बसलाच नाही, माल खराब’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. आकडे परत वाचा. २६ × १ १/२ म्हणजे ५८४ मिलिमीटरची रिम आणि २६ × १.५० म्हणजे ५५९ ची. गणितात एकच, चाकावर २५ मिलिमीटरचा फरक. दुकानात इंच सांगू नका, जुन्या टायरवरचा तीन आकडी नंबर सांगा.

आणि काळ्या सायकलची रोज सकाळी बसलेली हवा: टायर खोलण्याआधी व्हॉल्व्हच्या टोकाला थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर ट्यूब शाबूत आहे, व्हॉल्व्हवरची रबरी नळी तेवढी बदला.